महामंडलेश्वर मोठा की महाराज? पदव्यांची उतरंड वाचायची कशी

पावसाळा सरता सरता वाशीहून माझी भाची आमच्याकडे ठाण्यात, नौपाड्यात राहायला आली होती. नववीत आहे. तिला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ आहे, तेव्हा शिलाहार राजा मुम्मुणी उत्तर कोकणावर राज्य करत होता आणि राजधानी होती आपलं ठाणं, त्यांच्या लेखांतलं श्रीस्थानक, असं मी तिला सांगत होते. बोलता बोलता म्हणून गेले, "या राजांना महामंडलेश्वर म्हणत."

"मावशी, महामंडलेश्वर म्हणजे कुंभमेळ्यातले साधू ना? आणि राजा असेल तर महाराजापेक्षा मोठा की लहान?"

उत्तर द्यायला सुरुवात मंदिराच्या ओट्यावर केली. लोकलमध्ये कल्याण गेलं, डोंबिवली गेली, तरी ते संपेना, कारण एका प्रश्नातून तिला दुसरा सुचत होता. देशमुख मोठा की पाटील? पेशवे राजे होते का? ड्यूक आणि अर्ल यांत वरचा कोण? राणीचा नवरा राजा का होत नाही? तिला तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं, ते इथे सलग लिहून काढते आहे.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. पदवी म्हणजे एका दरबारातली जागा. ती जागा कोणी दिली, ती बापाकडून मुलाकडे जाते का, आणि तिच्यासोबत जमीन, फौज किंवा वसुलीचा हक्क येतो का, हे कळल्याशिवाय नुसत्या शब्दावरून मोठा-लहान ठरवता येत नाही. दोन वेगळ्या दरबारांतल्या पदव्या एकमेकींशेजारी ठेवून मोजायला गेलं की गणित हमखास चुकतं.

महामंडलेश्वरापासूनच सुरू करू. मंडल म्हणजे मुलखाचा एक घेर. आजही महसूल खात्यात मंडळ अधिकारी असतो, तोच हा शब्द. मंडलाचा धनी तो मंडलेश्वर, आणि अशांमधला मोठा तो महामंडलेश्वर. मात्र हा आपल्या मुलखात राजा असला तरी त्याच्या डोक्यावर आणखी कोणीतरी असे. शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. मांडलिक हा शब्दही मंडलातूनच आलेला. सगळ्यात वर जो बसे त्याची बिरुदावली वेगळी असे: परमभट्टारक, महाराजाधिराज, परमेश्वर. ताम्रपटात ही तीन बिरुदं एकत्र दिसली की समजावं, हा स्वतःला कोणाचाही अंकित मानत नाही. सामंत, महासामंत, महामंडलेश्वर अशी बिरुदं दिसली की वर धनी आहे, किंवा निदान एकेकाळी होता.

'निदान एकेकाळी होता' असं म्हणते याला कारण आहे. राष्ट्रकूटांचं राज्य ९७३ मध्ये कोसळलं. त्यानंतर चोवीस वर्षांनी, ९९७ मध्ये, शिलाहार राजा अपराजिताने दिलेला एक ताम्रपट आपल्या भिवंडीजवळच्या भादाण्याचा म्हणून ओळखला जातो. त्यात तो आधी राष्ट्रकूटांची वंशावळ देतो, त्यांचं राज्य गेल्याची हळहळ व्यक्त करतो, आणि मग स्वतःकडे वळतो. धनी उरला नव्हता, पण आपली जागा सांगायला त्याला धन्याचं नाव लागत होतं. मला हा ताम्रपट फार जवळचा वाटतो. पदवी म्हणजे नातं, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

शिलाहारांचं आणखी एक बिरुद 'तगरपुरपरमेश्वर'. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य ठाण्यात आणि स्वामी मात्र तेरचे, हे कसं? हे दाव्याचं, आठवणीचं बिरुद आहे. आपलं मूळ घराणं त्या नगरीचं, एवढंच ते सांगतं. असं करणारे हे एकटेच नव्हते. इंग्लंडचे राजे १३४० पासून स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवत. फ्रान्समधला मुलूख हातचा गेल्यावरही कित्येक पिढ्या ते बिरुद चालू राहिलं आणि १८०१ च्या सुरुवातीला कुठे ते गळलं.

आता महाराज. आपण आज हा शब्द आदराने कोणालाही लावतो, पण पूर्वी त्याची किंमत काळागणिक बदलत गेली. गुप्त घराण्यातले पहिले दोन पुरुष, श्रीगुप्त आणि घटोत्कच, नुसते 'महाराज' होते. तिसरा, पहिला चंद्रगुप्त, 'महाराजाधिराज' झाला. त्याच सुमाराच्या आपल्या वाकाटकांत एकट्या पहिल्या प्रवरसेनाने 'सम्राट' ही पदवी घेतली. पुढचे वाकाटक राजे 'महाराज' म्हणवून घेण्यावर थांबले. वरच्याने नवा मोठा शब्द घेतला की जुना शब्द आपोआप एक पायरी खाली येतो. राजा, मग महाराजा, मग महाराजाधिराज, असे थर वाढत गेले. म्हणून भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: महामंडलेश्वर महाराजाधिराजाच्या खालचा, हे नक्की. नुसत्या 'महाराजा'शी तुलना करायची तर आधी शतक विचारावं लागतं.

साधूंचं म्हणशील, तर आखाड्यांत मंडलेश्वर, महामंडलेश्वर आणि त्यांच्यावर आचार्य महामंडलेश्वर अशी स्वतःची उतरंड आहे. तिथेही पट्टाभिषेक होतो. शब्द राजदरबाराशी जुळतो, पण दरबार वेगळा.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर मुरबाडवरून नाणेघाट चढावा. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती राहिल्या नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावं आहेत. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, मग कुमार, मग एक महारठी. दोन हजार वर्षांपूर्वी भिंतीवर कोरलेली ही नावांची पाटीच आहे म्हणा ना. राजा वेगळा, राणी 'देवी', मुलगे 'कुमार', आणि महारठी हा मोठा सरदार. त्याला राजा म्हटलेलं नाही, पण राजाच्या रांगेत त्याला जागा दिली आहे.

पाच नाद आणि एकवीस तोफा

शिलाहारांच्या ताम्रपटांत राजाच्या नावाआधी एक लांबलचक विशेषण येतं: समधिगतपंचमहाशब्द. ज्याला पाच महाशब्द मिळाले आहेत असा. दक्षिणेत याचा अर्थ पाच वाद्यांचा मान असा घेतात: शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा. ही वाद्यं आपल्यापुढे वाजवून घेण्याचा हक्क वरच्या सम्राटाकडून मिळालेला असे. 'राजतरंगिणी' या काश्मीरच्या राजांच्या इतिहासाच्या जुन्या ग्रंथात मात्र पंचमहाशब्द म्हणजे 'महा'ने सुरू होणारी पाच मोठी पदं. पण आपल्या कोकणात नादाचाच अर्थ बसतो, आणि मला तो पटतोही. दूरवरच्या माणसाला शिलालेख वाचता येत नाही, पण शंख आणि भेरी ऐकू येते. कोण येतो आहे ते कानाला कळतं.

हजार वर्षांनी इंग्रजांनी नेमकं हेच तोफांनी केलं. संस्थानिकांची पायरी ठरवायला त्यांनी सलामीच्या तोफांचे आकडे बांधून दिले. सम्राटाला १०१, व्हाइसरॉयला ३१, आणि संस्थानिकांना २१ पासून ९ पर्यंत, नेहमी विषम संख्येत. २१ तोफांचे मानकरी शेवटी पाचच होते: हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर, आणि १९२१ पासून जम्मू-काश्मीर. १९ तोफांत कोल्हापूर, इंदूर, उदयपूर, भोपाळ, त्रावणकोर. जंजिऱ्याच्या नवाबाला ११. सावंतवाडी, भोर, सांगली यांना ९. आणि आपल्या शेजारच्या जव्हारच्या मुकणे राजांनाही ९. पाचशेच्या वर संस्थानांपैकी बहुतेकांना एकही तोफ नव्हती. औंध, फलटण, जत, अक्कलकोट ही त्यांतलीच.

आकडा नुसता आवाजापुरता नव्हता. ११ किंवा जास्त तोफांच्या संस्थानिकालाच इंग्रज 'हिज हायनेस' म्हणत. दरबारात खुर्ची कुठे, व्हाइसरॉय किती पावलं पुढे येऊन भेटणार, अत्तर आणि विडा स्वतः देणार की त्यांचा अधिकारी देणार, हे सगळं ठरलेलं असे. निजामाला तर १९१८ मध्ये 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हे खास संबोधन मिळालं. ते दुसऱ्या कोणत्याही संस्थानिकाला नव्हतं.

पुन्हा त्या यादीकडे बघा. ग्वाल्हेरचे शिंदे २१, बडोद्याचे गायकवाड २१, आणि कोल्हापूरचे छत्रपती १९. मराठी राज्याच्या हिशेबाने शिंदे हे पेशव्यांचे सरदार, गायकवाड हे सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली वर आलेले, आणि पेशवे स्वतः छत्रपतींचे प्रधान. म्हणजे चाकराच्या चाकराला धन्याच्या गादीपेक्षा दोन तोफा जास्त. इंग्रजांनी मुलूख, उत्पन्न आणि आपल्याला असलेला उपयोग मोजला, गादीचा मान मोजला नाही. एकाच घराण्याची दोन दरबारांतली जागा कशी उलटीपालटी होते याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

तोफांवरून ठाणेकरांना जवळची एक आठवण. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा तिलाही २१ तोफांची सलामी दिली होती. गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. त्या काळी मोठेपण सांगायचं तर माणूस असो की यंत्र, पदवीचा शब्द लागे.

राजे, छत्रपती आणि पेशवे

मोगलांनी पायऱ्यांना नावं न देता आकडे दिले. मनसबदाराचा 'जात' हा आकडा त्याचा दर्जा आणि पगार सांगे, 'सवार' हा आकडा त्याने किती घोडेस्वार ठेवायचे ते सांगे. सरकारी नोकरीतल्या मंडळींना हे लगेच कळेल. खात्यातलं पदनाम काहीही असो, वेतनश्रेणीची लेव्हल कळली की कोण कुठे ते कळतं, तसंच हे. पंचहजारी म्हणजे बडा अमीर. सातहजारी त्याहून वर.

म्हणूनच १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात जे झालं ते समजून घ्यायला हवं. शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाला, पंचहजारी मनसब आधीच मिळाली होती. बापाला मुलाच्या पायरीवर उभं करणं हा काय अपमान आहे, हे त्या दरबारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. महाराज तिथेच संतापले आणि दरबारातून बाजूला झाले.

पुढे १६६८ मध्ये औरंगजेबाने त्यांना 'राजा' ही पदवी मान्य केली. शहाजीराजांनाही 'राजे' म्हणतच. मग १६७४ मध्ये राज्याभिषेकाची गरज काय होती? इथे माझी भाची जरा थांबली आणि म्हणाली, "दिलेली पदवी काढून घेता येते." तिला बरोबर समजलं होतं. बादशहाने दिलेला राजा हा बादशहाच्या दरबारातला राजा. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराज सिंहासनाधीश्वर छत्रपती झाले, ते कोणाच्या देण्याने नव्हे. नवा राज्याभिषेक शक सुरू झाला, नाण्यांवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' आलं. स्वतःचा शक आणि स्वतःचं नाणं, ही सार्वभौम राजाची खूण. तिथून पुढे पदव्या द्यायचा अधिकार त्यांच्याकडे होता.

आणि त्यांनी त्या दिल्याही. पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, सरनौबत, डबीर या फारशी नावांच्या जागी मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत अशी संस्कृत नावं आली. सोबत न्यायाधीश आणि पंडितराव. हे झाले अष्टप्रधान. ही पदं होती, घराण्याच्या पदव्या नव्हत्या. माणूस बदलता येई, पद राही. नंतर राजाराम महाराजांनी जिंजीला 'प्रतिनिधी' हे पद काढलं आणि ते अष्टप्रधानांच्याही वर ठेवलं. म्हणजे औपचारिक उतरंडीत पेशवा प्रतिनिधीच्या खालचा.

मग पेशवे एवढे मोठे कसे झाले? १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, आणि ते त्या घराण्यात वंशपरंपरेने राहिलं. सत्ता पुण्याला गेली. पण पेशव्यांच्या मुद्रेत आधी राजा शाहूंचं नाव आणि मग आपण त्यांचे प्रधान, असंच कोरलेलं असे. नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं सातारच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. ती आली नाहीत तोवर तो पेशवा नाही. सत्ता आणि दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे समजावून सांगायला मला सातारा आणि पुणे यांच्याइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही.

आणि हा नुसता शिष्टाचार नव्हता. नागपूरकर भोसल्यांची 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आणि दाभाड्यांचं सेनापतीपद छत्रपतींकडून आलेलं. त्यामुळे ते पेशव्याला वरिष्ठ मानायला तयार नसत, आपण बरोबरीचे असं त्यांचं म्हणणं. बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचं भांडण १७३१ मध्ये डभईच्या रणांगणापर्यंत गेलं, तिथे त्र्यंबकराव मारले गेले. गुजरातच्या महसुलाचा वाद त्यामागे होताच, पण कोण कोणाचं ऐकणार हा प्रश्नही होता. उलट शिंदे-होळकर पेशव्यांनी वर आणलेले. महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक', म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी, हा किताब आणला आणि १७९२ मध्ये पुण्यात समारंभ केला. हा माणूस तेव्हा हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य सरदारांपैकी एक, पण पेशव्यांपुढे तो स्वतःला पाटील म्हणवून घेई, आणि त्या भेटीत आपण पेशव्यांचे जोडे सांभाळणारे आहोत असं त्याने दाखवलं, ही हकिकत प्रसिद्धच आहे. त्यात राजकारण असेलच. पण आपली जागा कुठून सुरू झाली हे चारचौघांत सांगण्याची ती रीत होती.

आपल्या दारावरच्या पाट्या

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत खाली टपालपेट्यांवरची आडनावं वाचली तर अर्धी दप्तरं तिथेच उघडतात. गावाचा प्रमुख पाटील, त्याचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी. अनेक गावांचा मिळून परगणा, त्याचा प्रमुख देशमुख आणि लेखणीवाला देशपांडे. म्हणून देशमुख पाटलाच्या वरचा, हे खरं. 'सर' म्हणजे मुख्य, म्हणून सरदेशमुख, सरदेसाई, सरसुभेदार ही त्याहून वरची माणसं. आपल्या कोपिनेश्वर मंदिराचा पेशवाईत जीर्णोद्धार करणारे रामाजी महादेव बिवलकर हे सरसुभेदार होते. आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस यांतला 'नीस' हा फारशी 'नवीस', म्हणजे लिहिणारा.

पण देशमुखी-पाटीलकी ही वतनं. ती राजाने खूश होऊन दिलेल्या किताबासारखी नव्हती. राज्यं बदलली, निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, वतनदार जागेवरच राहिले. नवा राजा आला की तो आधीचं वतन मान्य करून देई, एवढंच. किताबाचा माणूस दरबारात मोठा आणि वतनाचा माणूस गावात मोठा. होळीला पहिला मान कोणाचा, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, पानसुपारी आधी कोणाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे जुन्या कागदांत सापडतात. आज ते वाचताना क्षुल्लक वाटू शकतात, पण त्या मानावरच वसुलीचा हक्क तोलून होता.

आणि इतके पाटील का, हा माझ्या भाचीचा प्रश्न. नवी मुंबईत तिच्या वर्गात सहा पाटील आहेत. कारण आपल्याकडे वतन भावाभावांत वाटलं जाई. थोरल्या घराला वडीलपणाचा मान, पण आडनाव सगळ्यांचं. इंग्लंडात याच्या बरोबर उलट झालं. तिथे पदवी एकट्या वारसाकडे जाते, बाकीची मुलं कायद्याने साधी माणसं. मार्लबरोच्या ड्यूकचा धाकटा मुलगा रँडॉल्फ, त्याला सौजन्य म्हणून 'लॉर्ड' म्हणत, पण तो निवडून येऊन सामान्यांच्या सभागृहात बसला. त्याचा मुलगा विन्स्टन चर्चिल ड्यूकच्या महालात जन्मला, आणि १९५३ मध्ये 'सर' होईपर्यंत नुसता मिस्टर चर्चिल होता.

सरकारने पाटीलकीचं पद १९६२ च्या कायद्याने बंद केलं. पोलीस पाटील राहिला, पण ती नेमणूक.

ड्यूक, अर्ल आणि 'लॉर्ड'चा घोळ

ब्रिटनची उतरंड पाच पायऱ्यांची: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. शब्दांची मुळं पाहिली की लक्षात ठेवणं सोपं जातं. ड्यूक हा लॅटिन 'डुक्स', म्हणजे सेना नेणारा. मार्क्वेस म्हणजे 'मार्च'चा, सरहद्दीचा रखवालदार. अर्ल हा उत्तरेकडच्या 'यार्ल'चा भाऊबंद. युरोपात इतरत्र त्याच जागी काउंट असतो, लॅटिन 'कोमेस', राजाचा सोबती. म्हणून अर्लच्या बायकोला आजही काउंटेस म्हणतात. व्हायकाउंट म्हणजे उप-काउंट. बॅरन म्हणजे मुळात राजाचा माणूस. इंग्लंडातला पहिला ड्यूक १३३७ मध्ये झाला, तिसऱ्या एडवर्डचा मुलगा, कॉर्नवॉलचा ड्यूक.

या पायऱ्या एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या तर आर्थर वेलस्ली घ्यावा. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो. १८०४ मध्ये तो नाइट झाला, म्हणजे 'सर'. स्पेनमधल्या लढायांनंतर १८०९ मध्ये व्हायकाउंट. १८१२ मध्ये आधी अर्ल, त्याच वर्षी मार्क्वेस. १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पाच वर्षांत चार पायऱ्या.

'सर' हा या पाचांत नाही. नाइटची पदवी त्या माणसाबरोबर संपते. तिच्या आणि बॅरनच्या मध्ये बॅरोनेट ही पायरी आहे. तोही 'सर'च, पण वंशपरंपरेचा. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. ही पदवी मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे १९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा बॅरन झाले आणि उमरावांच्या सभागृहात बसणारे पहिले भारतीय ठरले.

शाळेच्या पुस्तकातला घोळ 'लॉर्ड' या शब्दाने होतो. लॉर्ड ही पायरी नाही, ते संबोधन आहे. मार्क्वेसपासून बॅरनपर्यंत चौघांनाही ते लागतं. ड्यूकला मात्र 'युवर ग्रेस'. म्हणून लॉर्ड रिपन, लॉर्ड कर्झन, लॉर्ड माउंटबॅटन हे आपल्याला एकाच तोलाचे वाटतात. प्रत्यक्षात व्हाइसरॉय असताना रिपन मार्क्वेस होते, कर्झन बॅरन, आणि माउंटबॅटन आले तेव्हा व्हायकाउंट, १९४७ मध्ये अर्ल झाले.

दुसरा घोळ 'प्रिन्स'चा. ब्रिटनमध्ये प्रिन्स म्हणजे राजघराण्यातला मुलगा. मोनॅकोत मात्र प्रिन्स हाच राज्यकर्ता, आणि लक्झेंबर्गमध्ये ग्रँड ड्यूक. म्हणजे ब्रिटनमधला ड्यूक प्रजाजन, लक्झेंबर्गमधला ग्रँड ड्यूक राष्ट्रप्रमुख. आपल्याकडचा 'नवाब' असाच. मूळ शब्द 'नायब', कोणाच्या तरी वतीने काम पाहणारा. बादशाही ढासळली तसे नायब स्वतंत्र झाले, शब्द मात्र तोच राहिला.

राणीच्या नवऱ्याचं उत्तर छोटं आहे. त्यांच्या रिवाजात राजाची बायको राणी होते, पण 'राजा' हा शब्द राणीच्या वरचा मानला जातो. राज्य करणाऱ्या राणीच्या वर कोणी असू नये म्हणून तिचा नवरा राजा होत नाही. एलिझाबेथ राणीचे पती फिलिप हे शेवटपर्यंत ड्यूक ऑफ एडिंबरा राहिले.

आणि राजाच्या वर सम्राट. 'सीझर' या रोमन नावापासून जर्मनांचा कैसर आला, रशियाचा झार आला. १८७१ मध्ये प्रशियाचा राजा जर्मन सम्राट झाला. व्हिक्टोरिया तोवर नुसती राणीच होती. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीच्या दरबारात तिची सम्राज्ञी म्हणून द्वाही फिरवली गेली, हिंदुस्थानी नाव 'कैसर-ए-हिंद'. स्वतःच्या देशात ती राणीच राहिली. सम्राज्ञी फक्त इथली.

तिच्या नावाने मग इथे छोट्या पदव्यांचाही पाऊस पडला: रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. मुसलमान आणि पारशी मंडळींना खानसाहेब, खानबहादूर. मुंबईत ११ मे १८८८ ला मांडवीच्या सभेत रावबहादूर विठ्ठलराव वंडेकरांनी जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी लोकांच्या वतीने दिली. देणारा रावबहादूर सरकारच्या यादीत होता, आणि 'महात्मा' कुठल्याच यादीत नव्हतं.

गाडी मुंब्र्याच्या बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा भाचीने शेवटचा प्रश्न विचारला, की आता यांचं काय. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने पदव्या बंद केल्या. सैन्यातली आणि विद्यापीठाची पदवी तेवढी चालते. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे, ती नावाआधी किंवा नावानंतर लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संपले. जव्हार मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं होतं. तिथले शेवटचे राजे यशवंतराव मुकणे १९६२ मध्ये भिवंडीतून लोकसभेवर गेले, मतपत्रिकेवर नाव छापून, बाकीच्या उमेदवारांच्या ओळीत.